मालिकेची वर्गवारी चाहत्यांच्या गटाला लागू नसते

महोदय,

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि तोवरच्या दुपारी मुले कूलरपुढे मोबाइल घेऊन बसतात. यंदाच्या सुटीत माझ्या बारा वर्षांच्या मुलीने एका जपानी ॲनिमेशन मालिकेच्या ऑनलाइन चाहता-गटात सामील होण्याची परवानगी मागितली. मालिका 'यू/ए ७+', म्हणजे सात वर्षांवरील मुलांना पाहण्याजोगी आहे, हे तिचे म्हणणे खरे होते. परंतु २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवर दाखवली जाणारी ही वर्गवारी मालिकेची असते, तिच्यावर बोलायला जमलेल्या माणसांची नव्हे.

होकार वा नकार देण्यापूर्वी मी आठवडाभर रोज रात्री तो गट वाचला. दर्शनी भागात सदस्यांनी काढलेली चित्रे होती, कथानकाविषयीचे तर्क होते आणि कुणी अपशब्द वापरल्यास तो मजकूर तातडीने काढून टाकणारे स्वयंसेवक नियंत्रकही होते. हा भाग मला मनापासून आवडला. नवख्या चित्रकाराच्या चुका इतक्या आस्थेने समजावून सांगणारी मंडळी आमच्या वसाहतीत मी तिला कुठून मिळवून देणार? मात्र चाहत्यांनी लिहिलेल्या कथांमध्ये प्रौढांसाठीच्याही कथा होत्या आणि त्यांच्या आड केवळ 'माझे वय १८ पूर्ण आहे' एवढे एक बटण होते. त्याहून गंभीर बाब अशी की, कोणताही सदस्य कोणालाही खासगी संदेश पाठवू शकत होता आणि तेथे नियंत्रकांची नजर पोहोचत नव्हती. गटाची पारख चौकातल्या बोलण्यावरून न करता या मागच्या दारावरून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली, हे योग्यच झाले. पण संमती देणाऱ्याने नेमके काय तपासावे, हे शोधण्याचे काम पालकांवरच राहते. डिस्कॉर्ड, इन्स्टाग्राम यांसारख्या मंचांनीच किमान वय १३ ठेवले आहे, ते कारण सांगून मी मुलीला थांबवले आहे. ती नाराज झाली, परंतु तिला ते खासगी संदेशांचे पान दाखवल्यावर तिने स्वतःहून बरेच प्रश्न विचारले. तोपर्यंत रविवारी आम्ही दोघी मिळून त्या गटातील चित्रे पाहतो.

आपल्या दैनिकात चित्रपट-परीक्षणासोबत प्रमाणपत्र छापले जाते. त्याच जागेत, मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या एखाद्या चाहता-गटात खासगी संदेश बंद करता येतात की नाही, एवढी माहिती जरी दर आठवड्याला दिलीत, तरी माझ्यासारख्या पालकांची मोठी सोय होईल.

आपली विश्वासू,
एक पालक, प्रतापनगर, नागपूर