मधली सुट्टी आणि रविवारचे खेळ : पालक सभासदांसाठी सूचना

सभासद पालकहो, सप्रेम नमस्कार.

शाळांच्या पालकसभा आता सुरू होतील. तिथे गुणांबरोबर मधल्या सुट्टीचाही विषय नक्की काढा. गृहपाठ राहिला की सुट्टीत वर्गातच बसवून ठेवायचं, ही शिक्षा काही शाळांत अजून चालते. ती बंद व्हायलाच हवी. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्यालाच पळण्याची गरज सगळ्यात जास्त! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ सालीच स्पष्ट सांगितलंय की शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेऊ नये. आपल्याकडच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य आवश्यक मानलंय. तेव्हा नम्रपणे, पण ठामपणे विचारा.

सुट्टी किती मिनिटांची, हेही विचारा. हात धुण्याची रांग, डबा, पाण्याची बाटली भरणं यातच घंटा होते. शेवटचा घास तोंडात कोंबून मुलं मैदानाकडे धावतात. लगोरीत कोण बाद, यावर भांडून मोठ्यांशिवाय ते मिटवायला मुलं तिथेच शिकतात. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरही उभं आहे. अभ्यास आणि मैदान इथे वेगळं कधी नव्हतं.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला कमाटीबागेत बँडस्टँडजवळ जमू. लगोरी, लंगडी, आबाधुबी. मुलांना जुने कपडे घाला, पाणी आणा. क्लास असेल तर त्या दिवसापुरता बुडवा.