टाकीला शिडी आणि गच्चीची किल्ली

महोदय,

पाऊस सुरू झाला की मलेरिया-डेंग्यूच्या रुग्णांचे आकडे छापून येतात आणि 'यंत्रणा काय करते?' असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्तच आहे. पण डास शोधायला दारात आलेल्या माणसाला गच्चीवर सोडायचं की नाही, हे आपणच ठरवत असतो आणि बरेचदा सोडत नाही.

मी कीटकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. अळ्यांचे नमुने गोळा करायला लालबाग, परळ, शिवडी भागात डासनियंत्रणाच्या कामगारांबरोबर फिरते. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी डास गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईतल्या मलेरियाची कारणं शोधणाऱ्या डॉ. बेंटली यांच्या १९११ सालच्या अहवालात इथल्या विहिरींवर बोट ठेवलं होतं. आज तीच सोय या डासाला आपल्या गच्चीवरच्या टाक्यांत मिळते.

टाकीत अळी शोधणं हे कसबाचं काम आहे. झाकण उचलून एकदम वाकायचं नाही. पाण्यावर सावली पडली की अळ्या सरसर तळाला जातात, मग त्या वर येईपर्यंत गप्प थांबायचं. पांढरा डाव कडेने तिरका बुडवायचा. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी डोकं खाली करून लटकते. मी ज्यांच्याबरोबर जाते ते काका टॉर्चच्या उजेडात एका नजरेत हे ओळखतात. मला अजूनही नमुना बाटलीत घेऊन, उजेडात धरून बघावा लागतो.

आणि असा जाणकार माणूस टाकीवर चढतो कसा? पाइपाला धरून! शिडी नसते, असली तर गंजून हलत असते. भर पावसात शेवाळलेल्या टाकीवर, एका हातात डाव घेऊन त्यांना चढताना खालून बघवत नाही. मागच्या पावसाळ्यात एका इमारतीत गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी ऑफिसात. पुढच्या फेरीलाही तेच. वॉचमन बिचारा काय करणार? पण उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. एक फेरी हुकली की एक पिढी उडून गेली, ती त्याच इमारतीतल्या पोराबाळांना चावायला. काही ठिकाणी तर या लोकांना लिफ्टही वापरू देत नाहीत. हे मला फार लागतं.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा जवळ आल्या आहेत. टाकीला पक्की लोखंडी शिडी, घट्ट बसणारं झाकण आणि गच्चीची एक किल्ली कायम वॉचमनकडे, एवढे तीन विषय कृपया यंदाच्या सभेपुढे घ्यावेत. शिडीचा खर्च सगळ्या घरांत वाटला तर कुणालाही जड जाणार नाही.

– एक संशोधक विद्यार्थिनी, परळ, मुंबई