रिकामे मशीन फिरते, कपड्यांचे फिरत नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : 7 किलो क्षमतेच्या टॉप लोड वॉशिंग मशीनचे स्पिन न होणे, दोन वेळा 'सोडवली' म्हणून बंद केलेली तक्रार आणि तंत्रज्ञाने निकामी करून ठेवलेला झाकणाचा सुरक्षा स्विच

महोदय / महोदया,

तक्रार स्पिनची आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या नेहमीच्या 'अठ्ठेचाळीस तासांत संपर्क करू' मध्ये बसणारी नाही. तुमच्याकडून आलेल्या पहिल्या तंत्रज्ञाने आमच्या मशीनच्या झाकणाचा स्विच डायरेक्ट करून ठेवला आहे, म्हणजे झाकण उघडे असले तरी मशीनला ते बंदच वाटते. जाताना तो म्हणाला होता, "आता झाकणाचा त्रास नाही येणार." त्या वाक्याचा अर्थ मला तीन दिवसांनी कळला. रिकामे मशीन स्पिनला लावून सहज झाकण उघडले, तर टब थांबायचे नावच घेईना. प्लग खेचला तेव्हा कुठे ब्रेक लागला. घरात चार वर्षांची नात आहे. स्टूल ओढून, त्यावर चढून टबात डोकावणे हा तिचा आवडता उद्योग आहे. त्या दिवसापासून मशीनचा प्लग एरवी काढूनच ठेवतो, रोजचे कपडे हाताने धुतो आणि मशीन लावतो ते तपासण्यापुरतेच.

हा स्विच केवळ झाकणापुरता नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये त्याच स्विचला एक दांडी असते. कपडे एका बाजूला गोळा होऊन टब हेलकावे खायला लागला की तो त्या दांडीवर आपटतो आणि मशीन स्पिन थांबवते. म्हणजे एक तार जोडून तुमच्या माणसाने दोन बंदोबस्त एका फटक्यात काढून टाकले. आणि तेही ज्या दुखण्यासाठी, ते दुखणे तसेच आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मशीन घेऊन अडीच वर्षे झाली. गेल्या दोन महिन्यांपासून धुणे संपते, पाणी निघून जाते, शेवटी काम पूर्ण झाल्याची धून वाजते आणि झाकण उघडावे तर कपडे ठिबकत असतात. टॉवेल उचलला की कोपरापर्यंत पाणी येते. पहिल्यांदा वाटले, आपलेच काही चुकते आहे. म्हणून माहितीपुस्तिकेतले 'मशीन स्पिन होत नसल्यास' हे पान समोर ठेवून एकेक गोष्ट तपासली. पाण्याची पातळी मापायच्या नळीने चारही पाय सपाट केले. एकटी जाड चादर लावायची नाही, ती एका बाजूला जाऊन बसते, म्हणून कपडे मिसळून लावले. पाणी सोडायचा पाइप कुठे मुडपला नाही ना, उंबऱ्यावरून वर चढला नाही ना, हे पाहिले. आमच्या मशीनला पंप नाही, पाणी उतारानेच जाते, त्यामुळे पाइप वर उचलला गेला तर टबात पाणी राहते आणि पाणी असेपर्यंत मशीन स्पिनला हात घालत नाही. पण पाइप जमिनीलगत आहे आणि पाणी दोन मिनिटांत साफ निघते. पावडर कमी केली, फेस कमी केला. कपड्यांचे तंतू अडकवणारी जाळी धुतली. फरक शून्य.

मग तुम्हाला फोन केला. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितले की मशीन बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. केले. दहा मिनिटांच्या विश्रांतीने मशीनला बरे वाटले असावे, मला नाही.

पहिला तंत्रज्ञ आला. त्याने टब रिकामा करायला लावला, स्पिन लावले, टब झकास फिरला. "मशीन ठीक आहे, तुम्ही कपडे जास्त भरता," असा निकाल दिला. मी म्हटले, यातले निम्मेच कपडे लावून दाखवा. त्याने झाकणाच्या कडेला काहीतरी उघडले, जोडले, पुन्हा रिकामा टब फिरवला आणि मोबाइल पुढे केला : "ओटीपी आला असेल, तेवढा द्या, कॉल क्लोज करायचाय." मी दिला. तिथे माझी चूक झाली, हे मान्य करतो.

दुसरा तंत्रज्ञ पाच दिवसांनी आला. त्यानेही रिकामा टब फिरवून पाहिला, मग "बोर्ड गेलाय" म्हणाला, म्हणजे मशीनला आज्ञा देणारे सर्किट. मी विचारले, बोर्ड गेला असता तर आत्ता टब कसा फिरला? उत्तर मिळाले, "बोर्ड कधी चालतो, कधी नाही." नवा बोर्ड बसला, त्याचे पैसे घेतले गेले, जुना बोर्ड पिशवीत घालून तो घेऊन गेला. रिकामा टब फिरला, ओटीपी गेला, तासाभरात संदेश आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया पाचपैकी तारे द्या. त्याच संध्याकाळी कपडे लावले. धून वाजली, कपडे ठिबकत होते. मशीन आणि तुमची कंपनी, दोघांनाही काम झाल्याचे जाहीर करायची सवय आहे, प्रत्यक्षात झाले की नाही हे पाहायची नाही.

मी इंजिनिअर नाही. पण लेथवर बावीस वर्षे काढली आहेत आणि त्या शेडमधली निम्मी यंत्रे पट्ट्यावर चालायची. त्यामुळे जे दिसले, ऐकू आले आणि नाकाला लागले, ते लिहितो. तुमच्या दोन्ही माणसांनी यातले काही विचारले नाही.

स्पिन सुरू व्हायच्या वेळी ओले कपडे टबात असतील तर मोटर चालू झाल्याचा आवाज स्वच्छ येतो. झाकणाच्या काचेतून पाहिले तर टब अर्धा फेरा घेतो, अडखळतो आणि उभा राहतो. मोटर मात्र चालूच. मग चार-पाच सेकंद कुईं असा बारीक आवाज येतो आणि जळक्या रबराचा वास सुटतो. हा वास ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही. शेडमध्ये हा वास आला की कुणी वायरिंग तपासायचे नाही, सरळ पट्ट्याचा ताण बघायचे.

दुसरे, मशीनच्या खाली फरशीवर काळी भुकटी पडते. पहिल्या तंत्रज्ञाने मशीन पुढे ओढले तेव्हा ती त्याला दिसली आणि त्याने ती फडक्याने पुसून टाकली. आठवड्यात पुन्हा पडली. दुसऱ्याला दाखवली तर म्हणाला, "धूळ आहे." धूळ दोन बोटांत चोळली तर झडून जाते. ही काजळासारखी पसरते आणि साबणाने धुतल्याशिवाय निघत नाही. रबराची भुकटी आहे ती. प्लग काढून, मशीनच्या खालून मोबाइल सरकवून फोटो काढला आहे. पट्ट्याची कड काचेसारखी चकाकते आहे. घसरून घसरून रबर असे गुळगुळीत होते आणि मग ते आणखीच घसरते.

तिसरे, गेले काही दिवस धुतानाही भरलेल्या टबात पल्सेटर, म्हणजे तळाशी फिरणारी चकती, आळसावलेला वाटतो. धुण्याला आणि स्पिनला मोटर एकच, पट्टाही एकच. रोग जर मोटर आणि टबाच्या मधल्या जोडणीत असेल तर तो दोन्हीकडे दिसणारच.

आता यात बोर्ड कुठे येतो? मोटर फिरते आहे म्हणजे बोर्डाने आज्ञा दिली आहे. झाकणाचा स्विच तरी कुठे येतो? तो तुटला असता तर मशीनने मोटर सुरूच केली नसती, झाकण उघडे असल्याची सूचना दाखवून ते थांबले असते. पाणी पूर्ण निघते, म्हणजे ड्रेन मोटरने (पाणी सोडायचा व्हॉल्व्ह तार खेचून उघडणारी छोटी मोटर) निदान व्हॉल्व्ह तरी उघडला. राहिली मोटरपासून टबापर्यंतची वाट : पट्टा, पुली आणि फिरणे टबाला जोडून देणारा क्लच. पट्टा सैल असेल तर मोटर किंचित सरकवून ताणता येतो, झिजला असेल तर बदलता येतो. क्लच नीट धरत नसेल तर ड्रेन मोटर आपली तार पुरती खेचते की अर्ध्यावर सोडते, हे बघावे लागेल, कारण व्हॉल्व्ह उघडणारी आणि ब्रेक सोडून क्लच धरायला लावणारी तार एकच. मोटरचा जोर कमी पडत असेल तर तिला जोर देणारा कपॅसिटर मीटर लावून तपासायला पाच मिनिटे पुरतात. माझा अंदाज पट्ट्यावर आहे. तो चुकीचा ठरला तरी हरकत नाही, पण तपासून चुकीचा ठरवा.

मशीन मी उघडलेले नाही. हात शिवशिवतात, पण उघडले तर उद्या तुम्ही 'ग्राहकाने छेडछाड केली' असे लिहून मोकळे व्हाल आणि मोटरची जी हमी अजून शिल्लक आहे तीही जाईल.

एवढ्यावरही कुणी 'कपडे जास्त भरता' म्हणेल म्हणून एक प्रयोग केला. कोरडे टॉवेल वजन करून बरोबर 2 किलो घेतले, म्हणजे मशीनच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आमच्या मशीनमध्ये धुऊन, स्पिन 'पूर्ण' झाल्यावर ते भरले 5.6 किलो. तेच टॉवेल वाळवून शेजाऱ्यांच्या तशाच प्रकारच्या मशीनमध्ये, तेवढ्याच वेळेच्या स्पिनला लावले. तिथे भरले 3.5 किलो. दोन लिटरहून जास्त पाणी आमच्या टॉवेलांत राहिले. (वजनकाटा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे राहण्याची वेळ आली, हा वेगळाच मनस्ताप.)

आणि याच आकड्यात तुमच्या माणसांच्या चाचणीचा दोष दिसतो. रिकामा टब हलका असतो, तो सैल पट्ट्यावरही फिरतो. 2 किलो कपडे भिजले की टबाला पाच-साडेपाच किलोचा भार जागेवरून उचलून फिरवायचा असतो. घसरणारा पट्टा तिथे पकडला जातो. रिकाम्या टबाची चाचणी म्हणजे हातगाडी रिकामी ढकलून तिचे चाक मजबूत आहे असे सांगणे. मला रिकामा टब फिरवायचा नाही. मला कपडे धुवायचे आहेत.

दोन्ही तंत्रज्ञ बोलायला सभ्य होते, हेही नोंदवतो. दुसऱ्याला मी म्हटले की टॉवेल भिजवून ठेवतो, वीस मिनिटे थांबा. तो घड्याळ बघत म्हणाला, "काका, संध्याकाळपर्यंत अजून सहा कॉल आहेत. टब भरून बघत बसलो तर घरी कधी जाऊ?" त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. ज्या पद्धतीत कॉल किती बंद केले हे मोजले जाते आणि मशीन किती चालू झाली हे नाही, ती पद्धत त्याने आखलेली नाही. म्हणून हे पत्र त्याच्या वरिष्ठाला नव्हे, तुम्हाला लिहितो आहे.

मला हवे आहे ते असे. झाकणाचा सुरक्षा स्विच सगळ्यात आधी मूळ स्थितीत आणावा, आणि चालू स्पिनमध्ये झाकण उघडल्यावर टब थांबतो हे माझ्यासमोर दाखवावे. त्याआधी बाकी कशालाही हात लावू नये. मग पट्टा, पुली, क्लच, ड्रेन मोटरची तार आणि कपॅसिटर तपासून, काय तपासले आणि काय आढळले हे जॉबशीटवर शब्दांत लिहावे. 'चेक केले, ओके' चालणार नाही. अखेरची चाचणी भिजलेल्या कपड्यांवर व्हावी. 2 किलो टॉवेल आणि वजनकाटा मी तयार ठेवतो, पाणी माझे, साबण माझा. टॉवेल चार किलोच्या आत आले तर ओटीपी देईन, त्याआधी नाही.

बोर्डाचे पैसे परत हवेत. जो भाग बिघडला नव्हता तो बदलण्याचा खर्च मी का सोसावा? जुना बोर्ड सदोष होता असा तुमचा दावा असेल तर तो माझ्यासमोर मशीनला जोडून दाखवा. मालकी माझी होती, तो नेताना मला विचारलेही नाही. शिवाय तुमच्या नोंदीत ज्या दोन तक्रारी 'सोडवल्या' म्हणून बंद आहेत, त्या 'अपूर्ण' म्हणून पुन्हा उघडाव्यात. नाहीतर पुढचा तंत्रज्ञ येताना मोबाइलवर वाचून येईल की या घरचे मशीन दोनदा दुरुस्त झाले आहे आणि माणूसच कटकट्या आहे.

स्विचचे काम पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांत आणि उरलेले सात दिवसांत व्हावे. येण्याआधी फोन करावा. सकाळी यावे, म्हणजे टॉवेल भिजवून ठेवता येतील.

सोबत : मशीनखालच्या काळ्या भुकटीचे व पट्ट्याचे फोटो, झाकण उघडे असताना फिरणाऱ्या टबाची चित्रफीत, दोन्ही वजनांचे फोटो, दोन्ही जॉबशीटच्या आणि बोर्डाच्या पावतीच्या प्रती.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व मशीनचा अनुक्रमांक तुमच्या नोंदीत आहेच)