चाप सरळ मागे येतो, म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पिस्तुलांच्या शौकिनांवर टिपण होते. मजकुरात 'रिव्हॉल्व्हर' आणि शेजारी चित्र सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचे. आपल्याकडे हे चालायचेच, मुंबईत तर दोन्हींना घोडाच म्हणतात. पण सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे धडाधड गोळ्या, हा समज तरी दुरुस्त व्हावा. एकदा चाप ओढला की गोळी एकच सुटते. रिकामे काडतूस बाहेर टाकून नवे चढवणे, एवढेच ते आपले आपण करते.

टिपणाचा सूर असा की ही नुसती जुन्याची हौस, कुणी अडकित्ते जमवावेत तशी. ते मला पटले नाही.

मी सैन्यात 24 वर्षे आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारा, होतो. ईशापूरच्या कारखान्यातली 9 मिमी 1ए पिस्तुले किती खोलली, मोजदाद नाही. 'ब्राउनिंग हाय-पॉवर' या परदेशी पिस्तुलाचाच तो देशी अवतार. मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) 13 राउंड, मूठ हातात बसणारी. चाप मात्र खरखरीत. मॅगझिन काढल्यावर बार उडू नये म्हणून आत एक जास्तीची तरतूद आहे आणि तिचे घासणे थेट बोटाला लागते. शिवाय घोडा (इथे खरा घोडा, चाप ओढल्यावर आपटतो तो) मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यात चिमटा काढतो. चांदमारीच्या दिवशी भल्याभल्या साहेबांचे हात पाहिले आहेत मी.

थोरला मुलगा अमेरिकेत युटा राज्यात असतो. गेल्या वर्षी त्याने मला ऑग्डेनला नेले. ही पिस्तुले घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगचे हे जन्मगाव, तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनात त्याचे संग्रहालय आहे. आपला राज्यप्राणी शेकरू, तसे युटाने 2011 मध्ये राज्याचे पिस्तूलही जाहीर केले: ब्राउनिंगचेच '1911' नावाचे मॉडेल. ऐकून हसू आले. दुसऱ्या दिवशी रेंजवर जायचे तर आधी माझ्या नावाने शिकारीचा परवाना काढावा लागला. पर्यटक व्हिसावाल्याला तिथला कायदा पिस्तूल हाती धरू देत नाही, असा परवाना असला तर सवलत देतो. आयुष्यात ससा मारलेला नाही मी!

1911 हातात आले. सगळे पोलाद, रिकामे असताना एक किलोच्या वर वजन. मॅगझिनमध्ये सातच राउंड. पण चाप ओढला आणि लक्षात आले. बहुतेक पिस्तुलांचा चाप खिळीभोवती फिरतो, याचा सरळ मागे सरकतो, ड्रॉवरसारखा. कधी सुटणार ते बोटाला नेमके कळते. .45 इंची गोळीचा धक्काही फटका बसल्यासारखा नाही, कुणी तळव्याला रेटल्यासारखा. वजन त्यातला बराचसा गिळते. अमेरिकेतल्या बुल्सआय नेमबाजी सामन्यांत आजही एका हाताने, 50 आणि 25 यार्डांवरून, .45 ची वेगळी फेरी होते, ती उगाच नव्हे.

मग मी ते खोलले. हत्याराशिवाय. रेंजवाला जरा चमकला. बॅरलखाली (नळीखाली) एक लहानशी कडी आहे, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे जाताना ती बॅरलचे शेपूट खाली ओढते. आमच्या 1ए मध्ये ही कडी नाही, बॅरलखालीच कोरलेला उतार ते काम करतो. ब्राउनिंग 1926 मध्ये वारला, हाय-पॉवर पुढे बेल्जियमच्या सैव्ह या डिझायनरने 1935 मध्ये पुरे केले. म्हणजे इतकी वर्षे मी धाकट्या भावाची दुरुस्ती करत होतो आणि थोरला भेटला तो सत्तरीत.

तिथे बंदूक ज्या सहजपणे विकत मिळते ते मला अजिबात मान्य नाही, आणि मुलाच्या घरात ती नाही याचे समाधान आहे. तो विषय वेगळा.

टार्गेटचा कागद मात्र कोरेगावला घेऊन आलो आहे. सात गोळ्या झाडल्या होत्या. भोके पाच आहेत.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार
कोरेगाव, जि. सातारा