हो आई, छपरावर मीच आहे

ओकाला, फ्लोरिडा
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

ती. बाबा व ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई एकच वाक्य बोलली, "तू छपरावर कशाला चढतेस गं?" आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी हवापाणी विचारलं. प्रकरण गंभीर आहे हे मला तेव्हाच कळलं, म्हणून पत्र लिहायला बसले.

धाकट्या काकांच्या चिरंजीवांनी दाखवलेला फोटो खरा आहे. टोपीवाली, खडू धरून ओणवी बसलेली बाई मीच. मी तुम्हाला चार सीझन "इन्शुरन्सचं काम" एवढंच सांगत आले आणि तुम्ही ते टेबल-खुर्चीचं समजलात. मीही समजू दिलं.

बाबा, परशुराम घाटात ट्रकने आपली मारुती घासली तेव्हा विमा कंपनीचा सर्व्हेअर आला होता, आठवतं? वाकून बघितलं, आकडे लिहिले आणि चहा न घेता गेला. तेच काम मी घरांचं करते. इथे त्याला ॲडजस्टर म्हणतात. मी पॉलिसी विकत नाही आणि पैसेही देत नाही. नुकसान मोजून लिहिते, मंजूर करायचं की नाही ते कंपनी ठरवते. म्हणून शेजारच्या काकूंना कृपा करून "आमची लेक क्लेम पास करते" असं सांगू नका.

मोठं चक्रीवादळ झालं की एकदम इतके क्लेम येतात की कंपनीच्या पगारी माणसांना ते झेपत नाहीत. मग मधल्या फर्म आमच्यासारख्या सुट्या लोकांना बोलावतात. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधला सिव्हिलचा डिप्लोमा इतक्या वर्षांनी असा कामाला आला. टेक्सासचं लायसन्स काढलं, त्यावर फ्लोरिडाचं मिळालं. २०२१ मध्ये लुइझियानात आयडा झालं तो माझा पहिला सीझन, पुढच्या वर्षी फोर्ट मायर्सला इयान. पगार नाही. एका घराचा अहवाल गेला की ठरलेली फी, त्यातला वाटा फर्मचा. पेट्रोल, मोटेल, शिडी सगळं माझं. क्लेमची रक्कम मोठी तशी फी मोठी. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

इथला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तुम्ही मृगाकडे डोळे लावता, मी ऑगस्ट लागला की आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे. अटलांटिकातली बरीच मोठी वादळं तिथून निघालेल्या हवेच्या लाटांतून वाढतात. येऊ नये असं देवाला सांगायचं, आणि आलंच तर गाडीत शिडी टाकायची. एखाद्या वर्षी काही आलं नाही तर आमची कमाईही नाही. जावई म्हणतात, तुझ्याएवढी गोंधळलेली प्रार्थना देवाने ऐकली नसेल.

आता छपराचं. इथली बहुतेक छपरं आपल्या पडवीसारखी उतरती, फक्त कौलांच्या जागी डांबरी शिंगल, एकावर एक चढवून खिळ्यांनी ठोकलेले. वारा शिंगल उचलतो, मागे दुमडतो आणि सोडून देतो. तो परत जागेवर पडतो. खालून बघणाऱ्याला छप्पर ठणठणीत वाटतं. वर जाऊन बोटाने उचलला की दुमडल्याची रेघ दिसते, आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी आत येतं. तिथे खडूने खूण करायची आणि फोटो काढायचा. शाकारणीला बाबा एकेक कौल हलवून बघायचे ना, तसंच. बाबांचं ते कौल हलवणं मी लहानपणी खळ्यातून बघत असे आणि मला ते उगाच वेळ काढणं वाटायचं.

बारा इंचांत आठ इंचांहून जास्त उतार असेल तर मी चढत नाही, ड्रोनने बघते. ओल्या छपरावर पाय ठेवत नाही. मऊ तळव्याचे खास बूट आहेत. आणि आई, मला रागावण्याआधी घरात चौकशी कर, कारण या मे महिन्यात बहात्तराव्या वर्षी छपराच्या कण्यावरचे कोने बसवायला शिडीवर कोण चढलं होतं ते मलाही कळलं आहे.

जेवणाचीही तू काळजी करतेस. खोलीत राइस कुकर आहे, तू दिलेलं मेतकूट आहे, आणि रस्त्यात वॉफल हाऊस नावाची चोवीस तास चालणारी खानावळ. इथल्या केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याचे, फेमाचे, माजी प्रमुख क्रेग फ्युगेट या खानावळीवरूनच नुकसानीचा अंदाज बांधत. पूर्ण मेनू मिळतोय तर ठीक, मोजकेच पदार्थ मिळतायत तर अडचण, आणि तीही बंद असेल तर समजायचं तिथे खरंच काही उरलेलं नाही. मीही गावात शिरताना आता तिचा पिवळा बोर्ड शोधते.

यंदा एकाच भागावर दोन वादळं तेरा दिवसांत आली. हेलीन २६ सप्टेंबरच्या रात्री इथून बरंच उत्तरेला किनाऱ्याला लागलं, पण जाताना समुद्र ढकलत गेलं. सेंट पीटर्सबर्गच्या पुढ्यात अरुंद बेटांची ओळ आहे, त्या बेटांवरच्या घराघरात खारं पाणी शिरलं. मी ह्यूस्टनहून चौदा-पंधरा तास गाडी चालवून आले. घरं मोजायला लागले न लागले तोच मिल्टन येतंय म्हणून सगळ्यांना हलवलं, त्यात मीही गाडी भरून उत्तरेला पळाले. ९ ऑक्टोबरला मिल्टन "सिएस्टा की" नावाच्या बेटावर धडकलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये २४ तासांत १८ इंचांहून जास्त पाऊस झाला, म्हणजे आपल्या कोकणातही क्वचित पडेल इतका, आणि बेसबॉलच्या स्टेडियमचं कापडी छप्पर फाटून चिंध्या झाल्या. हेलीनने भिजवलेले सोफे, गाद्या, फ्रिज अजून रस्त्याकडेला ढिगाने पडले होते, त्या ढिगांवरूनच दुसरं वादळ गेलं. आता जवळपास मोटेल मिळत नाही. मी दोन तासांवर राहते आणि पहाटे साडेचारला निघते.

बाबा, तुम्हाला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे.

३ ऑक्टोबरला, म्हणजे मिल्टनच्या आधी, त्या बेटांपैकी एकावर मी एका आजींच्या घरी गेले. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. बैठं घर. बाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर मातकट रेघ, चारी बाजूंनी एकाच पातळीत. वाऱ्याने आलेलं पाणी अशी रेघ कधी ओढत नाही, ते वरून ओघळतं, वाकडंतिकडं. सरळ रेघ म्हणजे समुद्र आत आला.

घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो. वाऱ्याने आधी छपराला किंवा भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून पाऊस आत आला तर ते नुकसान चालतं, जमिनीवरून वाढत आलेलं पाणी चालत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. १९६८ पासून तो इथलं केंद्र सरकार चालवतं, घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. पूरक्षेत्रातल्या घरावर बँकेचं कर्ज असलं की तो सक्तीचा. आजींचं कर्ज कधीच फिटलं होतं. नवरा गेल्यावर खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी तो विमा बंद केला होता. मी वाऱ्याच्या विमा कंपनीकडून आलेली.

त्यांनी मला प्लॅस्टिकची एक पिशवी दिली. आत कापलेल्या गालिच्याचा वीतभर तुकडा आणि फरशीच्या लाकडाची फळी. शेजाऱ्याने सांगितलं होतं, ॲडजस्टर नमुना मागतात, ठेवून दे. पुराच्या क्लेमला तो खरोखर लागतो. माझ्या फाईलला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी मी पिशवी उघडून दोन्हींचे फोटो काढले, मापं घेतली, कारण त्या पिशवीकडे नुसतं बघून "नको" म्हणायला माझी जीभ रेटेना.

छपरावर गेले. मागच्या उतारावरचे काही शिंगल दुमडलेले, कुंपणाची एक बाजू आडवी, पन्हळ लोंबकळलेली. हिशोब ४,१८० डॉलरचा झाला. घराचा विमा तीन लाखांचा, आणि हरिकेनसाठी दोन टक्के, म्हणजे पहिले सहा हजार, घरमालकाने सोसायचे. याला डिडक्टिबल म्हणतात. सहा हजारांच्या आत नुकसान, म्हणून देय रक्कम शून्य.

त्या दिवशी मला आपल्याकडच्या निसर्ग चक्रीवादळाचा पंचनामा आठवला. ३ जून २०२०. मी इथे अडकलेले, लॉकडाऊन, विमानं बंद, टॉवर पडल्याने चार दिवस तुमचा फोन नाही. पुढे तुम्ही सांगितलंत ते मला पाठ आहे. मोडलेला वासा तुम्ही पडवीत जपून ठेवला होता, कोणी विचारलं तर दाखवायला. पडलेल्या पोफळी मोजून वहीत लिहिल्या होत्या, २१२ पोफळी आणि १९ माड. पंचनाम्याला आलेले भाऊसाहेब खळ्यातच उभे राहिले, वाडीकडे मान वळवून बघितलं आणि साठ लिहून गेले. तुम्ही वही पुढे केलीत ती त्यांनी हातातही घेतली नाही. एक पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, हे कोणाला सांगायचं, असं तुम्ही म्हणाला होतात.

मी तेव्हा त्यांना फोनवरून खूप शिव्या घातल्या. आता दिवसाला चार-पाच घरं, प्रत्येकाचे शंभरएक फोटो, रात्री एक वाजेपर्यंत खोल्यांचे नकाशे आणि फर्मचे "अहवाल कुठे आहे" असे फोन सोसते तेव्हा कळतं, त्या माणसाच्या यादीत त्या दिवशी किती घरं असतील. तरीही मी त्यांना माफ केलेलं नाही. दहा पावलं आत जायला काय झालं होतं? मी प्रत्येक घरात आत जाते. कपाटाच्या मागे, माळ्यावर, सगळीकडे.

आणि तरी आजींच्या कागदावर मी शून्यच लिहिलं. आत न जाता लिहिलं असतं तरी शून्यच आलं असतं. हे मला अजून नीट पचलेलं नाही. तुम्ही चिडला होतात ते साठ आकड्यावर की वही हातात न घेतल्याबद्दल, हे तुम्हाला विचारायचं होतं. फोनवर जमलं नाही.

आजींशी मी अर्धा तास बोलले. फेमाकडे नाव नोंदवा म्हटलं, फॉर्म कुठे मिळेल ते लिहून दिलं. आणखी एक गोष्ट सांगितली, जी इथले लोकही विसरतात. फ्लोरिडात त्याच कंपनीची पॉलिसी असेल तर हा हरिकेनचा वाटा प्रत्येक वादळाला नव्याने पूर्ण मोजत नाहीत. एका वर्षात पहिल्या वादळात जे सोसलं ते पुढच्या वेळी धरतात. म्हणून शून्य मिळालं तरी क्लेम नोंदलेला असू द्या, बिलं जपा. आजी म्हणाल्या, "म्हणजे अजून एक यायची वाट बघू?" आम्ही दोघी हसलो. सहाव्या दिवशी मिल्टन आलं. त्यांच्या घराची नवी फाईल माझ्याकडे आली नाही, दुसऱ्या कोणाकडे गेली असेल. परवा त्या रस्त्याने गेले तेव्हा छपरावर निळी ताडपत्री होती आणि दारात गाडी उभी होती. थांबायला वेळ नव्हता, म्हणजे खरं तर थांबले नाही.

दिवाळीला येणं होणार नाही. हातात चाळीस फाईल आहेत आणि नोव्हेंबर संपेपर्यंत हंगाम. चकल्या ह्यूस्टनच्या पत्त्यावर पाठव, नातू माझ्यासाठी ठेवेल असं नाही, पण पाठव. जानेवारीत तिघं येतो. तिकिटं बघते आहे.

तोवर एक काम करा. मोबाईलने घराचे फोटो काढून ठेवा, आत्ता, सगळं धड असताना. आधी घरनंबर दिसेल असा समोरून, मग उजवीकडून फिरत चारी बाजू, मग ओटीपासून एकेक खोली, कपाटं उघडी ठेवून. वाडीत पोफळींच्या ओळी दिसतील असे चार फोटो. छप्पर खालूनच काढायचं, शिडी आणायची नाही. फोटो मला पाठवा, मी दोन ठिकाणी जपून ठेवते. आणि बाबा, त्या वहीतल्या २१२च्या पानाचाही एक फोटो काढा.

काल रात्री झोप येईना म्हणून कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या घराचा नकाशा काढायला बसले. ओटी, पडवी, देवघर आठवणीवर जमलं. माजघराशी अडले. लांबी किती ते काही केल्या आठवेना, आणि न्हाणीघराकडची भिंत तिरकी आहे की मलाच तशी वाटते? टेपने मोजून कळवा. आई, दुसरं टोक तू धर.

तुमची,
बेबी