रविवारी टाकी सफाई, आणि काविळीबद्दल थोडं

सगळ्या मेंबरांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 9 वाजता खालची आणि गच्चीवरची टाकी साफ करतोय. दुपारी 2 पर्यंत नळ बंद, शनिवारीच पाणी भरून ठेवा. प्रत्येक फ्लॅटमधून एकजण यायलाच हवा.

पावसात आपल्याकडे काविळीच्या केसेस झाल्या आणि ग्रुपवर काहीबाही फिरतंय, म्हणून नीट सांगतो.

- हिपॅटायटीस म्हणजे विषाणूमुळे लिव्हरला येणारी सूज, त्यातून कावीळ होऊ शकते. त्यातले ए आणि ई हे प्रकार घाण पाण्यातून, दूषित खाण्यातून होतात. आधी ताप, मळमळ, जेवण नकोसं, मग लघवी गडद आणि डोळे पिवळे. लागण झाल्यावर हे दिसायला 2 ते 6 आठवडे सहज जातात, म्हणजे आज पाणी चांगलं दिसतंय म्हणून निश्चिंत राहू नका. गरोदर बाईला ई जिवावर बेतू शकतो, घरात कोणी असेल तर पाणी उकळूनच द्या.
- बी आणि सी रक्तातून, वापरलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, टॅटू. बी संबंधातून आणि आईकडून बाळालाही. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, टेस्टमध्येच कळतं. बीवर लस आहे, सीवर नाही पण गोळ्यांनी बहुतेक बरा होतो. डी फक्त बी असलेल्यालाच.
- बी-सी एका ताटात जेवून होत नाही, उगाच कोणाला वाळीत टाकू नका.

कावीळ झाली तर झाडपाल्यात दिवस घालवू नका, आधी रक्त तपासा. आणि फेणी पूर्ण बंद, "थोडीशी औषधाला" पण नाही.

येताना बादली आणि खराटा आणा, ब्लीचिंग पावडर सोसायटीची आहे.

– सेक्रेटरी