नातीचा रोबोट आणि देवगडची खाडी

बॉस्टन, ९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"होडीच्या शाळेत मी रोबोट करते आहे" एवढेच तुमच्या नातीने फोनवर सांगितले आणि तुम्ही बुचकळ्यात पडलात, म्हणून सविस्तर लिहितो. येथे चार्ल्स नदीच्या काठी शिडाच्या होड्या शिकवणारे एक केंद्र आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे सकाळी मुलांकडून विज्ञानाची आणि यंत्रकामाची कामे करून घेतात व दुपारी, वारा उठला की, त्यांना होडीवर पाठवतात.

पहिल्या आठवड्यात मुलांनी कागदी पेल्यांचे वातमापक केले. नंतर वाऱ्याच्या उलट होडी कशी जाते, हा प्रश्न निघाला. होडीच्या पोटाखालची उभी फळी तिला आडवे घसरू देत नाही, त्यामुळे फुगलेल्या शिडाची ओढ तिला पुढे नेते. मात्र वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांपेक्षा कमी कोन झाला की शीड नुसते फडफडू लागते, म्हणून नागमोडी जावे लागते. आपल्या बंदरातल्या तांडेलांना हे हाताने ठाऊक होते. मी त्यांना कधी काही विचारले नाही, याची आता लाज वाटते.

रोबोट म्हणजे पाण्याखाली चालवायचा पीव्हीसी नळ्यांचा सांगाडा, त्याला तीन लहान मोटारी आणि वर धक्क्यापर्यंत येणारी वायर. दोन मोटारी पुढे जाण्यासाठी व वळण्यासाठी, तिसरी वर-खाली करण्यासाठी. मोटार डबीत बसवून भोवती मेण भरायचे असते. हिने घाईत मेण कमी भरले, पाणी शिरले आणि एक मोटार बंद पडली. शिक्षिकेने ते आधीच पाहिले होते, तरी त्या बोलल्या नाहीत. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला. पण दुसऱ्या मोटारीला हिने असे मेण भरले की विचारू नका.

सर्वांत जास्त वेळ गेला तो रोबोट पाण्यात मध्येच स्थिर ठेवण्यात. तुम्ही वर्गात बादली आणि वीट घेऊन शिकवलेला आर्किमिडीज येथे ग्रॅमाग्रॅमाने भेटतो. नळ्यांत हवा अडकली तर रोबोट वर येतो, म्हणून त्यांना भोके पाडली आणि मग फोमचे तुकडे कापून वजन जुळवले. पूर्वी या नदीत भरतीचे खारे पाणी येत असे. १९१० साली पूर्ण झालेल्या धरणानंतर निदान वरचे पाणी गोडे झाले. हिचा रोबोट जुळला आहे तो त्या गोड्या पाण्याला.

डिसेंबरात येताना ती तो बरोबर आणणार आहे. समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जड असते आणि रोबोट दोन लिटर पाणी बाजूला सारतो, तेव्हा खाडीत तो बुडणारच नाही, असे तिने वहीत गणित मांडले आहे. तरी जाळ्याला लावतात ती शिशाची वजने, सुमारे पन्नास ग्रॅम भरतील एवढी, कोणाकडून तरी आणून ठेवावीत. थोडी जास्तच आणा. खाडीचे पाणी किती खारे आहे, हे तिला तेथेच मोजायचे आहे.

आईस नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा